टोपीच्या आतली टोपी

राणीचा शिरच्छेद करायचा तर आधी तिच्या डोक्यावरचा डोलारा, म्हणजे तिचं हूड, उतरवावा लागतो. १९ मे १५३६ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये ॲन बोलिनने तो स्वतःच्या हातांनी उतरवला, सोबतच्या बाईने पुढे केलेल्या साध्या लिननच्या टोपीत केस सारले आणि ती गुडघ्यांवर बसली. मग तलवारीचा एकच घाव. तलवार चालवणारा खास कॅलेहून आणवला होता, हे नाटककारांना फार आवडतं. आम्हा कपडेपटातल्या लोकांचा जीव मात्र त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात टांगलेला असतो. कारण भरल्या थिएटरात, हात थरथरण्याचा अभिनय करत, राणी झालेल्या बाईंनी ते हूड अलगद काढायचं असतं. खालची पांढरी टोपी हलता कामा नये, टोपीखालचा विग सरकता कामा नये आणि विगच्या कडेला लपवलेला माइक दिसता कामा नये.

एका रंगीत तालमीत हूड निघालं ते टोपी आणि विग दोन्ही सोबत घेऊनच. बाईंच्या डोक्यावर उरली केस दाबून बसवणारी जाळी आणि कपाळावरून खाली लोंबणारी माइकची तार. तलवारवाला अजून विंगेतच उभा, आणि राणीचं डोकं राणीच्याच हातात! प्रेक्षागृहात बसलेले प्रकाशयोजनावाले खुर्चीतून खाली पडायचे बाकी होते. विगवाल्यांनी टोपीवाल्यांकडे पाहिलं, टोपीवाल्यांनी विगवाल्यांकडे. डोकं नेमकं कुणाच्या खात्यात, हे भांडण मी जिथे जिथे काम केलं तिथे तिथे पाहिलं आहे. शेवटी तोडगा निघाला तो असा: पांढरी टोपी विगलाच कच्च्या टाक्यांनी शिवून टाकायची, आणि हूड त्या टोपीवर फक्त दोन टिचबटणांनी, कानांच्या वरच्या अंगाला. पुढे ओढलं की सुटतं, मागे ढकललं की सुटत नाही. त्यानंतर राणी रोज व्यवस्थित मेली.

मी मुंबईत मराठी नाटकांच्या कपडेपटात हात बसवला. तिथे पगडी, मुंडासं, जिरेटोप हे सगळं ड्रेपरीवाल्याकडून यायचं. आम्ही शिवायचं ते अंगावरचं. इंग्लंडमध्ये आले तर इथे अंगावरचं शिवणारे वेगळे आणि डोक्यावरचं करणारे वेगळे. माझी रवानगी डोक्यांकडे झाली. तिथल्या मुख्य बाई मोठ्या कडक. मी कपाटातली काळी मखमल काढायला गेले तर म्हणाल्या, "ती ठेव आधी. तुला पांढरी टोपी शिवता येते का?" मला वाटलं, बाई माझी परीक्षा बघताहेत. तशा त्या बघतही होत्या. पण पुढे कळलं की सोळाव्या शतकातलं डोक्यावरचं सगळं त्या पांढऱ्या टोपीवरच उभं असतं. वरचं सगळं शोभेचं.

ही टोपी म्हणजे कॉइफ; आपल्याकडच्या तान्ह्या बाळाच्या टोपड्याची थोरली बहीण म्हटलं तरी चालेल. शिवायला एक लांबट चौकोनी तुकडा पुरतो, पण तो कात्रीने अंदाजाने कापायचा नाही. लिननमधलं एक सूत सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढून काढायचं. कापडात जी बारीक रेघ उमटते, तिच्यावरूनच कात्री चालवायची. घाईत सूत तुटलं तर पुन्हा टोक शोधत बसा. मग कडा दुमडून बारीक तुरपाई, अशी की बोट फिरवलं तर टाका लागू नये. तुकडा मधोमध दुमडून वरची शिवण घालायची, पण ती पुरी न्यायची नाही. डोक्याच्या मागच्या उभारापाशी तीन-चार बोटं कड उघडी ठेवायची. त्या उघड्या कडेला धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून चुण्या ओढायच्या आणि इतक्या आवळायच्या की सगळ्या मिळून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या पाहिजेत. या वर्तुळातल्या चुण्या सारख्या आल्या तर टोपी डोक्याच्या गोलाईवर आपोआप बसते. एका बाजूला दाटल्या की तिथे टेंगूळ दिसतं, आणि वर कितीही मोती लावा, ते टेंगूळ झाकत नाही. शेवटी मानेकडच्या कडेला नेफा आणि त्यातून नाडी. नाडीची टोकं डोक्यावरून फिरवून आवळली की काम झालं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा टोप्यांचे काही तुकडे आहेत, भरतकाम पुरं झालेले पण कधीच न शिवलेले. वेलबुट्टी संपली, चुण्या घालायच्या राहिल्या, आणि तुकडा तसाच सपाट चारशे वर्षं टिकला. भरतकामाच्या अभ्यासकांना त्यातले टाके मोलाचे वाटतात. मला त्याच्या कडा मोलाच्या वाटतात, कारण शिवलेल्या टोपीचं मूळ बेतणं कसं होतं ते तिथे उघडं पडलेलं असतं.

या टोपीवर मग बाकीचा संसार. इंग्लिश थाटाचं गेबल हूड हवं असेल तर कपाळावर घराच्या पाख्यांसारखी टोकदार चौकट, गालांवरून उतरणाऱ्या पट्ट्या आणि मागे काळ्या मखमलीचा पदर. फ्रेंच हूड हवं असेल तर गोल, डोक्याच्या मागच्या बाजूला सरकलेली, पुढे रत्नांची कड असलेली कोर. आज आपल्याला ती एक वस्तू वाटते, दुकानातून आणावी तशी. त्या काळी ती वस्तू नव्हतीच. रोज सकाळी दासी ते एकेक करून डोक्यावर रचायच्या आणि टाचण्यांनी जोडायच्या. पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात टाचण्यांचा हिशोब हजारांत चालायचा, आणि त्यात डोक्यासाठीच्या टाचण्या वेगळ्या मोजलेल्या असायच्या. आम्हाला दोन प्रवेशांमध्ये मिनिटभर मिळतं. त्यात टाचण्या कुठून लावणार? म्हणून नाटकातलं हूड आतून एकसंध शिवलेलं असतं आणि बाहेरून रचल्याचा आव आणतं. खालची टोपी तेवढी वेगळी ठेवायची. ज्या ज्या मंडळींनी वेळ वाचवायला तीही हूडलाच शिवून टाकली, त्यांच्या राण्यांच्या माना तिसऱ्या अंकापर्यंत अवघडलेल्या मी पाहिल्या आहेत.

शिवताना सगळ्यात जास्त छळते ती पाठ. चित्रं सगळी समोरून! हान्स होल्बाइनने १५३६ मध्ये रंगवलेलं राणी जेन सीमोरचं चित्र व्हिएन्नात आहे. त्यातल्या गेबल हूडचा मोती न् मोती मोजता येतो, पण डोक्यामागे काय चाललं होतं ते त्यात कळायला मार्ग नाही. मग तुम्ही चर्चमधल्या कबरींकडे वळता. तिथे त्या काळच्या बायका दगडात कोरलेल्या आहेत, हूडसकट, पण त्या उशीवर उताण्या झोपलेल्या! ज्या बाजूसाठी आपण इतकी पायपीट केली ती बाजू उशीत रुतलेली. आमच्या सुदैवाने होल्बाइननेच एका इंग्लिश बाईची पुढून आणि मागून अशी दोन रेखाटनं एकाच कागदावर केली आहेत. तो कागद आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जगभरच्या कपडेपटांतली गेबल हूडची पाठ फिरूनफिरून त्या एका कागदावरून येते. होल्बाइनला मी त्याच्या राजेरजवाड्यांच्या चित्रांपेक्षा या कागदासाठी जास्त मानते.

कुठलं हूड घालायचं हा तेव्हा राजकारणाचा मामला होता. ॲन बोलिन फ्रान्सच्या दरबारात वाढलेली, तिच्याभोवती फ्रेंच थाट. ती गेली आणि जेन सीमोर आली तेव्हा वारं फिरलं. १५३७ मध्ये ॲन बॅसेट नावाची तरुण मुलगी जेनच्या सेवेत रुजू झाली. तिची आई लेडी लाइल कॅलेत होती आणि लंडनमधला तिचा कारभारी जॉन ह्यूसी तिला पत्रांनी सगळी खबर कळवायचा. त्याने लिहिलं की राणीची मर्जी मुलीने फ्रेंच पोशाख सोडावा अशी आहे, तेव्हा इंग्लिश धाटणीचं बॉनेट आणि कपाळपट्टी लागेल. तोवर दुसऱ्या एका सरदारणीचं उसनं चालवलं. आणि पुढे त्याने आपलं प्रामाणिक मतही नोंदवून टाकलं: तिला फ्रेंच हूडच जास्त शोभत होतं. पण राणीच्या मर्जीपुढे इलाज नाही! पुढे १५४० मध्ये लॉर्ड लाइलला अटक झाली, घरातले कागद सरकारजमा झाले, आणि त्यामुळेच एका मुलीच्या टोपीची ही कुरकुर आपल्यापर्यंत पोचली. वेशभूषेच्या बैठकीत दिग्दर्शक जेव्हा "राणीची मर्जी" सांगू लागतात, तेव्हा मला हटकून ह्यूसी आठवतो.

दिग्दर्शकांची मर्जी बहुधा एकच असते: केस दिसू द्या. त्या काळी पुढची भांग पाडलेली महिरप सोडली तर लग्न झालेल्या प्रतिष्ठित बाईचे केस झाकलेले असायचे. पण नायिकेचे केस झाकायचे म्हणजे निर्मात्याच्या पोटात गोळा. म्हणून पडद्यावरचं फ्रेंच हूड पुष्कळदा मोती लावलेला हेअरबँड होऊन बसतं. 'द ट्यूडर्स' ही २००७ ते २०१० मधली मालिका आठवा. मोकळ्या केसांच्या बायकांनी सगळा दरबार भरलेला. जोन बर्जिन यांचे त्यातले कपडे देखणे आहेत यात वादच नाही, पण डोक्यांकडे पाहून मला चुटपुट लागते. उलट २०१५ च्या 'वुल्फ हॉल'मध्ये जोआना ईटवेल यांनी बायकांचे केस निमूट झाकून टाकले, आणि त्या बायका एकदम त्या शतकातल्या वाटू लागल्या. शेखर कपूरच्या दोन्ही 'एलिझाबेथ'ना हा पेच तितका पडला नाही. एलिझाबेथच्या काळात हूड हळूहळू मागे पडलं आणि केस वर उचलून फुगवायची फॅशन आली. तिथे खरी मजा विगवाल्यांची. त्यातल्या दुसऱ्या, २००७ च्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी अलेक्झांड्रा बर्न यांना ऑस्कर मिळालं.

आमच्याही एका दिग्दर्शकाला हेअरबँडच हवा होता. "केस थोडे सोडा ना, तरुण दिसली पाहिजे ती." बरं, सोडले. आतली टोपी काढली. आता वजन आलं कानांमागच्या दोन ठिकाणी, आणि केसांवर मखमल म्हणजे निसरड्या फरशीवर मोजे. राजासमोर लवून मुजरा केला की हूड नाकावर. दोन्ही बाजूंना कंगव्याचे दात शिवून पाहिले, आतून इलॅस्टिक लावून पाहिलं. दुपारपर्यंत बाईंचं डोकं ठणकायला लागायचं. शेवटी मुख्य बाईंनी कुणाला न विचारता पांढऱ्या लिननची अर्धी टोपी शिवली, मागून पुरी आणि पुढे बोटभर पट्टी, आणि ती हूडखाली बांधली. बाईंचे केस थोडे कमी दिसू लागले. दिग्दर्शक तालमीत म्हणाले, "आज चेहरा किती उठून दिसतोय, लाइट बदललेत का?" मुख्य बाई म्हणाल्या, "हो." प्रकाशयोजनावाल्याने श्रेय घेतलं. आम्ही घेऊ दिलं.

ज्यांचे केस अगदी आखूड असतात त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. लांब केसांच्या बाईची वेणी सुती फितीने गुंडाळून डोक्याभोवती फिरवायची आणि जाड सुईने फितीला फीत शिवायची, की टोपी टोचायला भक्कम पाया मिळतो. आखूड केसवालीला आम्ही गंगावन लावून तोच पाया करतो. वेण्या घालायला मी एकटीच सराईत. बाकीच्या मुलींना तीन पेडांच्या पुढे जाता यायचं नाही. त्यामुळे त्या खात्यात माझा भाव वधारला, हे सांगायला हरकत नाही.

ऑपेराची गोष्ट आणखी वेगळी. डोनिझेत्तीचा 'ॲना बोलेना' १८३० साली मिलानमध्ये पहिल्यांदा झाला आणि अजूनही होतो. गाणारीचे कान झाकले की तिला वाद्यवृंद ऐकू येत नाही, आणि गेबल हूड तर कान झाकण्यासाठीच जन्माला आलेलं. एका गायिकेने फिटिंगमध्येच हूड टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "हे घालून मी सूर लावणार नाही." मग कानांच्या जागी बकरम, म्हणजे आतलं खळीचं कडक कापड, कापलं, अस्तर कापलं, आतल्या टोपीलाही खिडकी पाडली आणि वरून एक पदरी काळी जाळी लावली. लांबून मखमलच दिसते.

बकरमचंही एक वेड आहे. कपाळावरची चौकट उभी राहते ती बकरम आणि कडेच्या तारेवर. तारेची टोकं समोर कधी जोडायची नाहीत, मागे मानेकडे एकमेकांवर चढवून दोऱ्याने करकचून बांधायची. नाहीतर महिन्याभरात टोक मखमल फोडून बाहेर येतं आणि राजाला मिठी मारताना त्याचा गाल ओरबाडतं. तारेचा उंचवटा दिसू नये म्हणून मध्ये मऊ फ्लॅनेलचा थर. मखमल कापताना लव एकाच दिशेला हवी, नाहीतर दिव्याखाली एक गाल काळा आणि दुसरा करडा. आणि मखमलीवर इस्त्री नाही, फक्त वाफ. एवढं सगळं करून झालं की ते धुता येत नाही! बकरमला पाणी लागलं की खळ विरघळून त्याचा लगदा.

मग रोजच्या घामाचं काय? इथल्या कपडेपटांचं जुनं औषध म्हणजे व्होडका. स्वस्तातली व्होडका पाण्यात मिसळून आतल्या बाजूने फवारायची. दर्प जातो आणि दारूचा वासही उरत नाही. हिशोबनिसाकडे दर महिन्याला व्होडकाचं बिल जायचं आणि दर महिन्याला तो वर येऊन, दारात उभा राहून, आमच्या चेहऱ्यांकडे निरखून बघायचा. पण खरं सांगायचं तर घामाचा मुख्य भार आतली टोपीच घेते. ती रोज रात्री गरम पाण्यात जाते आणि सकाळी दोरीवर कडक वाळलेली असते. त्या काळीही हाच हिशोब होता. मखमल, रेशीम, मोती धुवायचे नसतात. अंगाला लागतं ते लिनन, आणि लिनन धुता येतं. प्रत्येक कलाकाराला तशा तीन टोप्या शिवून द्याव्या लागतात, आणि त्यांच्यावर नाव घालावं लागतं, नाहीतर कुणाची कुणाच्या डोक्यावर जाते आणि मग ग्रीनरूममध्ये खरं युद्ध होतं.

पुरुषांचं काम त्या मानाने सोपं, पण विनोदी. १५७१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदाच केला: सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने, बडी मंडळी सोडून, रविवारी आणि सणावारी इंग्लंडात बनलेली लोकरी टोपी घालायची, नाही घातली तर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. टोपी विणणाऱ्यांचा धंदा बुडत होता, तो वाचवायची ही धडपड. शेक्सपिअरचा काका हेन्री यालाही या कायद्याखाली दंड झाला होता. लोकांनी हा कायदा फारसा मनावर घेतला नाही आणि १५९७ मध्ये तो मागे घेतला गेला. या टोप्या मोठ्या विणून, गरम पाण्यात मळून आटवायच्या आणि वर काट्याच्या बोंडाने लव उठवून कातरायच्या. आम्ही मळण्याऐवजी वॉशिंग मशीनमध्ये टाकतो. मशीन काय करील ते मशीनलाच माहीत. एकाच मापाने विणलेल्या टोप्यांतली एक कोतवालाला होते, दुसरी गावातल्या उनाड पोराला आणि तिसरी चहाच्या किटलीला.

डोक्याला घट्ट बसणारी टोपी पुरुषही घालत. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यातल्या शल्यवैद्याच्या खोलीत मखमलीची कॉइफ मिळाली, तशीच जशी होल्बाइनच्या चित्रातले वैद्य घालतात. पोर्ट्समथच्या संग्रहालयात ती काचेआड आहे. माणसं तिच्यासमोरून झपाझप तोफांकडे निघून जातात.

हे सगळं टाचण्यांसकट, जसंच्या तसं रंगमंचावर आणायची जिद्द धरली ती वेशभूषाकार जेनी तिरामानी यांनी. लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये त्यांनी हातशिलाईचे कपडे त्या काळच्या पद्धतीने बनवले. २०१३ मध्ये त्यांचं 'ट्वेल्फ्थ नाइट' ब्रॉडवेवर गेलं तेव्हा प्रयोगाआधी नट रंगमंचावरच कपडे चढवायचे आणि प्रेक्षक लवकर येऊन ते बघत बसायचे. पुढच्या वर्षी तिरामानींना त्या वेशभूषेसाठी टोनी मिळालं. जॅनेट अरनॉल्ड या थोर अभ्यासक १९९८ मध्ये गेल्या, त्यांच्या 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' मालिकेतला चौथा खंड तिरामानी आणि सँटिना लेव्ही यांनी पुरा करून २००८ मध्ये आणला. त्यात सदरे, गळपट्ट्या आणि डोक्यावरचं असं सगळं लिनन आहे. आमच्या प्रतीची पानं टाचण्यांनी भोकसलेली आणि चहाने डागाळलेली आहेत.

शेक्सपिअर बसवणाऱ्या कॉलेजच्या मुली आणि हौशी संघांतले लोक मला अधूनमधून विचारतात की असं काही घरी शिवायचं तर सुरुवात कुठून करावी. माझं सांगणं एकच असतं. मोत्यांच्या माळा आणि चकचकीत साटन आणायला धावू नका. अर्धा मीटर पांढरं लिनन घ्या, परवडत नसेल तर धुतलेलं जाडसर सुती कापड चालेल, पण पॉलिस्टर नको, ते घसरतं. सूत ओढून कापा, मागच्या चुण्यांना पुरेसा वेळ द्या, नाडी ओवा आणि ती टोपी घालून घरात दिवसभर वावरा. संध्याकाळपर्यंत ती जागची हलली नाही तर वर काय वाटेल ते चढवा. मोती सगळ्यात शेवटी, तेही पैसे उरले तर.